पोपटी लुगड्याचं चलान

१

बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास कोसंबटोल्याच्या डाकघरात एका लग्नाचा खून झाला. हत्यार म्हणाल, तर रुखमाबाईंचा मोबाइल.

लग्न आठ दिवसांवर होतं. नवरीचे वडील गुणवंतराव पत्रिकांचा गठ्ठा काखेत धरून डाकघराच्या बाकावर बसले होते. पावसाळ्यात ते धान लावतात आणि हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायक होतात. जेठाच्या रिकाम्या दिवसांत त्यांचं एकच काम असतं, आपली कीर्ती सांगणं. चामोर्शीला बायांनी आपल्याला भर रंगमंचावर कसा दगड मारला, मूल गावच्या सलूनवाल्यानं फुकटात दाढी कशी केली, मार्कंड्याच्या यात्रेला जाताना पोलिसानं गाडी थांबवून फोटो कसा काढला, हे सगळं अंगणवाडीची नूतन तेराव्यांदा ऐकत होती. पोस्टाची मशीन सुरू होईपर्यंत तिला दुसरा इलाज नव्हता.

तेवढ्यात काउंटरवरचा मोबाइल टिंग करून वाजला. डाकपाल रुखमाबाई शिक्के मारत होत्या, दोन्ही हात शाईत.

"पाहा बरं, कोनाचं आलं?" त्या म्हणाल्या.

हा प्रश्न दुसऱ्या कुठल्या गावात वेडा ठरला असता. कोसंबटोल्यात रुखमाबाई तो रोज स्वतःलाच विचारत. बारा वर्षांपूर्वी गावात पहिली फटफटी आली, तेव्हा शोरूमवाल्यानं कागदावर लिहायला मोबाइल नंबर मागितला. गावात रेंज फक्त टेकडीवरच्या या डाकघरात यायची. म्हणून पहिल्यानं रुखमाबाईंचा नंबर दिला, मग दुसऱ्यानं आणि मग सगळ्यांनीच. पुढे टॉवर आला, प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला. नंबर बदलायचं मात्र कोणाच्या मनात आलं नाही. आजही गावातल्या एकतीस मोटारसायकली, दोन ट्रॅक्टर आणि सरपंचाची जीप, सगळ्यांची चलानं एकाच मोबाइलवर उतरतात. रुखमाबाई ती टपालासारखी वाटतात. ज्याची गाडी त्याच्या दारात जाऊन, त्याच्याच कानात सांगतात. कोण कुठल्या गावाला, कोणत्या वेळी, कोणाला मागे बसवून गेला, हे त्यांना ठाऊक असतं आणि त्यांच्या पोटातच राहतं.

त्या दिवशी तेवढी एक चूक झाली. मोबाइल त्यांनी दुसऱ्याला पाहू दिला.

गुणवंतरावांनी तो हातभर लांब धरला, मग डोळ्यांजवळ आणला. चष्मा घरी होता. खलनायकाला चष्मा शोभत नाही असं त्यांचं मत. शेवटी तो नूतननं घेतला आणि तिच्या अंगणवाडीच्या आवाजात वाचला, "गाडी निकेशची हाये. सोमवार, दुपारी बारा. मूलच्या अलीकडचा फाटा. चालवनारा अन् मांगची सवारी, दोघाइले हेल्मेट नाई. अन् बाई, हा फोटूपन आला!"

फोटो पाठीमागून काढलेला. चालवणाऱ्यानं तोंडाडोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, एक हात कमरेवर. त्याच्यामागे पोपटी लुगड्यातली एक बाई, डोक्यावर पदर, हात त्याच्या खांद्यावर. पलीकडे रस्त्याच्या कडेला लालभडक काहीतरी.

"मांडव दिसते लाल," नूतन म्हणाली. "कोनाच्या तरी लग्नात गेले असन दोघं."

निकेश म्हणजे नवरदेव.

गुणवंतराव उठले. नाटकात तिसऱ्या अंकात उठतात तसेच. "सोमवारी हा पोट्टा मले म्हने, घुग्घुसले ड्युटी हाये! अन् इकडे ह्या सटवीले घेऊन फिरून राह्यला! उद्या सांजेपर्यंत त्यानं सांगावं ते बाई कोन. नाई तं ह्या पत्रिका चुलीत जाईन."

आणि दारात, हातात रिकामी पिशवी घेऊन, नवरी दिव्यानी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

२

बाप गेला. नूतन तर त्याच्याही आधी गेली, तिला गावाला सांगायचं होतं. दिव्यानी बाकावर बसली. मूलच्या दवाखान्यात परिचारिका असलेली, रक्त पाहून न घाबरणारी ही मुलगी बाकावर पडून राहिलेल्या एका पत्रिकेवरच्या हळदीच्या बोटाकडे बघत राहिली.

"बाई, बाबाचं सोडा," ती म्हणाली. "मले सांगा, निकेश खोटं बोलते का नाई? लगन त्याच्यावर हाये."

"तुह्या मनात काय हाये?"

"मनाचंच तं भेव हाये, बाई. ते त्याचीच बाजू घेऊन राह्यलं."

रुखमाबाईंनी हात धुतले. चूक त्यांच्या काउंटरवर झाली होती, निस्तरायलाही त्यांनाच हवी होती. तासाभरात निकेश समोर उभा होता. घुग्घुसला कोळशाच्या वाहतुकीत कामाला असलेला, बोलायला गरीब, सशासारखा पोरगा.

"सोमवारी कुठी होता?"

"ड्युटीवर, बाई. घुग्घुसले."

"अन् गाडी?"

"मूलले. जंगूच्या पंक्चरच्या दुकानात. मी तिथी ठेवतो अन् पुढं एसटीनं जातो."

"हे लुगडेवाली कोन?"

"मले नाई मालूम. माह्या बहिनीची शप्पथ!"

"तुले बहीन नाई."

निकेशनं जीभ चावली. रुखमाबाई त्याच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हत्या. त्या पायांकडे पाहत होत्या. तीस वर्षं टपाल वाटलेल्या बाईला माणूस कुठून आला हे पायांवरून कळतं. धानाच्या बांधीतला पाय वेगळा, जंगलातून टेंभरं वेचून आलेला वेगळा.

"घुग्घुसचा मानूस," त्या सावकाश म्हणाल्या, "बुटाच्या शिवणीपर्यंत कोळशानं काया होऊन येते. तुह्ये बूट पांढरे हायेत, निकेश. चुन्यानं. सोमवारी तू घुग्घुसले नव्हता."

निकेश पत्रपेटीवरच बसला.

३

"चंद्रपूरले होतो," तो म्हणाला. "आरटीओत."

"तिथी काय काम?"

"लायसनची परीक्षा." आवाज इतका बारीक की रुखमाबाईंना पुढे वाकावं लागलं. "गुणवंतभाऊले मी सांगून बसलो, तीन वर्सापासून लायसन हाये म्हनून. नाईच हाये, बाई. तिथी जमिनीवर चुन्यानं आठचा आकडा काढते. त्याच्यावरून भाड्याची गाडी चालवा लागते, पाय न टेकता. माहा पयला गोल होते. दुसऱ्या गोलात मी चुन्यात पडतो. सोमवारी तिसऱ्यांदा पडलो."

रुखमाबाईंनी हसू पदरात धरलं. "हे दिव्यानीले काऊन नाई सांगितलं?"

"नवरदेवाले आठ येत नाई, हे सांगाचं असते का कोनाले?"

परीक्षेचा कागद त्याच्या खिशातच होता. सोमवार, दुपारी बाराची वेळ, आणि खाली एका शब्दात नापास. म्हणजे फोटोतला दुपट्टेवाला निकेश नव्हता. पण गाडी तर त्याचीच होती.

दोघं दुपारच्या एसटीनं मूलला गेले. जंगू आत्रामचं दुकान स्टँडला चिकटून, मंगलीच्या चहाटपरीच्या बाजूला.

"जय सेवा, बाई!" जंगू म्हणाला, आणि निकेशला पाहून त्याच्या हातातला पाना खाली पडला.

"सोमवारी निकेशची गाडी कोनाले देली होती?"

"सोमवारी?" जंगूच्या चेहऱ्यावर एकदम उजेड आला. "सोमवारी तं तिचं मांगचं चाकच नव्हतं! रिंग वाकली होती, म्या काढून खुटीले टांगली. चाकाबिगर गाडी कशी जाईन?"

"खरं हाये," टपरीतून मंगली ओरडली. "शनवारपासून काल सांजेपर्यंत ते गाडी विटाइवर बसून होती, कोंबडी अंड्यावर बसते तशी. माह्ये सगळे गिऱ्हाईक तिच्या सीटवर कप ठेवत."

रुखमाबाईंनी पुन्हा फोटो पाहिला. दोन्ही चाकं जागच्या जागी. नंबर तोच, मडगार्डवरचं निळ्या मोराचं चित्रही तेच. विटांवर बसलेली गाडी भर दुपारी तीन कोसांवरच्या फाट्यावर सवारी घेऊन उभी होती.

"जंगू, सोमवारचं सोड. कधीच कोनाले देली नाई का तू ही गाडी?"

जंगूनं निकेशकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, आणि आधीच टम्म भरलेल्या ट्यूबमध्ये आणखी हवा भरू लागला.

"नाई, बाई. गिऱ्हाइकाची गाडी... मी कायले... कधीच..."

ट्यूब फुटली. मंगलीच्या टपरीतले तीन कप सांडले. त्या गडबडीत रुखमाबाईंची नजर भिंतीवर गेली. हवेच्या मीटरशेजारी खिळ्याला, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला, नाटकाचा एक पास लटकत होता. पहिली रांग, दोन माणसं.

४

परतीच्या एसटीत निकेश खिडकीशी बसून घाम पुसत होता. रुखमाबाई मोबाइल मांडीवर ठेवून त्या लाल मांडवाकडे बघत होत्या. कसला मांडव? ना खांब, ना कनात. लग्नघर म्हणावं तर माणूस नाही.

फाट्यावर एसटी थांबली. उतारू उतरत होते. रुखमाबाईंनी सहज बाहेर पाहिलं. तोच किलोमीटरचा दगड, तीच मोडकी पुलाची भिंत. आणि फोटोत जिथे लाल मांडव, तिथे एक पळस उभा होता. पानांनी गच्च, हिरवागार, म्हाताऱ्या बाईनं नवी चोळी घालावी तसा.

रुखमाबाईंच्या ओठांवर जात्यावरची चाल आली. त्या स्वतःशीच गुणगुणल्या,

"फागुनाच्या उन्हामंदी पयस पेटला पेटला,
जेठ लागता दारात पाला हिरवा दाटला..."

आणि अर्ध्या ओवीत ताडकन उभ्या राहिल्या.

"कंडक्टरभाऊ, थांबवा! निकेश, उतर!"

"काऊन, बाई?"

"अरे पोट्ट्या, आता जेठ हाये. ह्या झाडाले सोमवारी फुल कुठून आलं?"

फाट्यावरच्या सावलीत एक हवालदार प्लास्टिकच्या खुर्चीत बसून कलिंगड खात होता. रुखमाबाईंनी त्याच्यापुढे फोटो धरला.

"साहेब, हा फोटू तुमी कवा काढला?"

हवालदारानं कलिंगड खाली ठेवलं. चेहरा केविलवाणा झाला. "तुमचंपन आलं का? यात्रेचा हाये तो, महाशिवरात्रीचा. त्या दिवशी चलानाची मशीन बंद पडली, म्या मोबाइलवर फोटू काढले. म्हटलं, घरी जाऊन चढवू. तं मोबाइलच नाल्यात पडला. दुरुस्त होऊन सोमवारी हाती आला अन् म्या एका दमात सगळे चढवले. मशीननं सगळ्याइले सोमवारची तारीख अन् वेळ ठोकली. काल एक जन भांडून गेला, म्हने माही गाडी दोन महिन्यापासून भंगारात हाये, ते फाट्यावर कशी आली?"

"पन ज्याले थांबवलं, त्याले तवाच सांगितलं नाई का तुमी?"

"आता पावती नाई फाडत, बाई. मांगून नंबरचा फोटू काढाचा अन् म्हनाचं, जा. मेसेज जाते गाडीमालकाच्या नंबरवर. चालवनारा कोन, हे मशीन थोडीच इचारते? लोकाइले वाटते, पोलिसानं सोडून देलं. एकानं तं यात्रेच्या दिवशी फोटूसाठी कमरेवर हात ठेवला होता. जाताना मले आशीर्वाद देऊन गेला!"

रुखमाबाई थबकल्या. मग त्यांनी पुलाच्या मोडक्या भिंतीचा आधार घेतला आणि त्या हसू लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"बाई, काय झालं?" निकेश घाबरला. "कोन हाये तो? मले मालूम हाये का?"

"चांगला मालूम हाये," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "उद्या त्याच्याच घरी पाय धुवाचे हायेत तुले."

५

गुरुवारी संध्याकाळी गुणवंतरावांच्या अंगणात गाव जमलं; मूलहून जंगू आणि मंगलीही आले होते. चूल पेटलेली होती, शेजारी पत्रिकांचा गठ्ठा. गुणवंतरावांनी कुंकवाचा टिळा लावला होता. त्यांच्या बायकोला, अन्नपूर्णाबाईंना, यातलं काहीच ठाऊक नव्हतं. माहेरी सिंदेवाहीला आमंत्रणं द्यायला गेल्या होत्या, त्या आत्ताच एसटीतून उतरून दोन पिशव्यांसह अंगणात शिरत होत्या.

"गुणवंतभाऊ," रुखमाबाई म्हणाल्या, "निकाल लावाच्या आधी ते पोलिसाची गोष्ट एकदा सांगा ना."

"आता?" गुणवंतराव म्हणाले; पण कलावंत होते, नाही म्हणवलं नाही. "महाशिवरात्रीचा दिवस. माही स्कूटर मूलले पंक्चर. जंगूच्या दुकानात उभी होती एक गाडी, म्या म्हनलो हेच दे. फाट्यावर पोलिसानं हात केला. थांबलो. त्यानं मोबाइल काढला अन् गेला कुठी? मांगं! मांगून फोटू घेतला! पाठीवरून वळखलं मले! पाठीची अॅक्टिंग सगळ्याइले जमत नाई. म्या पन कमरेवर हात ठेवला."

"अन् भाड्याबद्दल जंगूले पास देला, पयल्या रांगेचा."

"देला ना! आपन कोनाचं ठेवत..." गुणवंतराव थांबले. "तुमाले कोनी सांगितलं?"

"त्याच्या भिंतीवर हाये. आता चष्मा घाला."

"चष्मा कायले?"

"घाला, भाऊ."

अन्नपूर्णाबाईंनी स्वतःच आतून चष्मा आणून नवऱ्याच्या नाकावर बसवला. रुखमाबाईंनी मोबाइल समोर धरला.

"हे झाड पाहा. पयस हाये, फुलावर आलेला. हा फोटू फागुनाच्या तोंडावरचा. सोमवारी चढवला म्हनून सोमवारची तारीख आली. सोमवारी ही गाडी विटाइवर होती, मंगली साक्षीले हाये. अन् महाशिवरात्रीले यात्रेच्या दिवशी ही गाडी कोनापाशी होती, ते तुमीच आता सांगितलं."

गुणवंतरावांनी फोटो पाहिला. तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना पुढचा संवाद आठवेना.

अन्नपूर्णाबाई खांद्यावरून डोकावल्या. "अगं बाई! हे तं माह्यं पोपटी लुगडं! मीच हावो न हे!"

 मग नूतन, जिला सत्य लपवणं कधी जमलं नाही, म्हणाली, "दोन दिवसापासून भाऊ गावभर तुमालेच सटवी म्हनून राह्यले, वहिनी."

"काय?"

"अन् काल पानठेल्यावर म्हनले, हे बाई चांगल्या घरची दिसत नाई."

अन्नपूर्णाबाईंनी दोन्ही पिशव्या खाली ठेवल्या. गुणवंतराव एक पाऊल मागे सरले, चुलीशी आले, पुढे सरले. गाव पोट धरून हसत होतं. त्या हसण्यात त्यांचा बारीक आवाज आला, "म्हनजे त्यानं मले वळखलंच नव्हतं?"

असा काही तो आवाज होता की हसणारे गप्प झाले. अन्नपूर्णाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. टिळा घामानं ओघळला होता, चष्मा वाकडा. त्यांनी तो सरळ केला.

"पाठ मात्र चांगली आली हो फोटूत," त्या म्हणाल्या. "चला, आत चला. तुमाले मंग पाहातो."

गुणवंतरावांनी पत्रिका उचलल्या, झटकल्या आणि निकेशपुढे उभे राहिले. "जावईबापू, चूक झाली. चलान मी भरतो. लगन ठरल्या दिवशी."

निकेशचा चेहरा उजळला. पण दिव्यानी पुढे आली.

"थांबा, बाबा. लगन मले कराचं हाये." ती निकेशकडे वळली. "ते बाई माही आई निघाली, ते बरं झालं. पन सोमवारी तुमी घुग्घुसले होते का?"

रुखमाबाईंनी तोंड उघडलं नाही. दुसऱ्याचं टपाल त्या फोडत नसत.

निकेशनं सगळ्या गावाकडे पाहिलं. जंगू होता, मंगली होती, सासरा होता. गप्प राहिला असता तर कोणाला काही कळणार नव्हतं. आणि हे त्याच्या चेहऱ्यावर सगळ्यांना दिसत होतं.

"नाई," तो म्हणाला. "चंद्रपूरले होतो. लायसन नाई माह्यापाशी, कधी नव्हतंच. परीक्षेत तीनदा पडलो. आठ काढता येत नाई मले." मग मान खाली घालून, "तू हससीन म्हनून नाई सांगितलं."

 दिव्यानी हसली नाही.

"आठाले नाई हसत मी," ती म्हणाली. "पन घुग्घुसवर लय रडली. दोन दिवस. पुन्हा असं खोटं बोलसान तं बाबाच्या आधी मी चूल पेटवीन."

"नाई बोलनार."

"लायसन येईपर्यंत गाडीले हात लावाचा नाई."

"नाई लावत. पन मंग लग्नानंतर तुले मार्कंड्याले कसा नेऊ?"

"तुमी कायले नेता? माह्यापाशी हाये लायसन. चार वर्सापासून." तिनं त्याच्या हातातून किल्ली घेतली, नूतनच्या नवऱ्याचं एक आणि सरपंचाचं एक अशी दोन हेल्मेटं मागून आणली, आणि गाडीवर बसली. "बसा मांगं. उद्यापासून रोज सकाळी शाळेच्या मैदानात आठ शिकवतो. आज नुसतं बसून पाहा, दुसरा गोल कसा घेते."

निकेश मागे बसला. समोर सगळं गाव, सासरा, सासू. हात कुठे ठेवावे त्याला समजेना. त्यानं ते आधी सीटवर ठेवले, मग आपल्याच मांडीवर.

गाडी सुरू झाली. दिव्यानीनं मान न वळवता सांगितलं,

"धरा ना घट्ट. पडसान."